हायड्रोजन जहाजाने मागवायचा म्हणे!

खडूस_इंजिनिअर: 'वाळवंटात सौर पॅनेल लावा, त्या विजेने पाणी फोडून हरित हायड्रोजन बनवा, जहाजाने मागवा, कोळशाची कटकट संपली' ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, एक किलो हायड्रोजन करायला ५०-५५ युनिट वीज लागते आणि त्यात ऊर्जा असते ३३ युनिट. मग उणे २५३ अंशांवर द्रवरूप करायला अजून दहाच्या वर युनिट. वाटेत उडून जातो तो वेगळा. उरलेल्याची फ्युएल सेलमध्ये (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रात) परत वीज केलीत की निम्मी उष्णतेत गेली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

वाळवंटी: पोस्ट माझी आहे. परत वीज करा असं मी कुठे लिहिलंय? पोलाद आणि खत म्हणाले होते. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला कोकऐवजी (भाजलेल्या कोळशाऐवजी) काय घालणार, तुमचा संताप? जर्मनीच्या २०२३ च्या सुधारित धोरणात २०३० च्या गरजेपैकी ५० ते ७० टक्के आयातच धरली आहे. ते सगळे बिनडोक का?

खडूस_इंजिनिअर: धोरणात काय, वाट्टेल ते धरता येतं. युरोपीय संघानेही २०२२ मध्ये २०३० साठी वर्षाला १ कोटी टन आयातीचं लक्ष्य ठेवलं. जहाजं दाखवा! जपानचं 'सुइसो फ्रंटियर' २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाहून कोबेला द्रव हायड्रोजन घेऊन गेलं खरं, पण तो तपकिरी कोळशातून काढलेला. हरित म्हणे!

जुना_फिटर: द्रव हायड्रोजनचा नाद सोडा. हायड्रोजनला नायट्रोजन जोडून अमोनिया करून आणायचा. उणे ३३ ला द्रव होतो, जहाजं वर्षानुवर्षं नेतायत.

नाकपुडी: अमोनिया? कारखान्यात उमेदवारीत असताना अमोनियाच्या व्हॉल्व्हचा ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) गळला होता. डोळे उघडेनात, वारा कुठून आहे तेही कळेना. त्यानंतर कुठल्याही कारखान्यात शिरलो की आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघतो.

जुना_फिटर: पॅकिंग वेळेवर बदललं नाही की असंच होणार. आम्ही गंधकाची पेटती वात सांध्यापाशी फिरवायचो, पांढरा धूर दिसला की गळती तिथेच. हायड्रोजनला ना वास ना रंग, जळताना दिवसा ज्योतही धड दिसत नाही. अमोनिया निदान सांगून येतो.

नाकपुडी: वा! मग बंदराशेजारच्या वस्तीत घरटी एक वात वाटा.

जुना_फिटर: खताच्या कारखान्यांना अमोनिया पुरवणारी बंदरं आजही आहेत, साहेब. एका ग्लँडवरून जन्मभर रडायचं का?

नाकपुडी: डोळे तुमचे नव्हते ना. बोला.

खडूस_इंजिनिअर: धागा हायड्रोजनचा आहे! अमोनिया फोडून परत हायड्रोजन काढायलाही उष्णता लागते, ती कोण मोजणार?

वाळवंटी: फोडायचा कशाला? खताला अमोनियाच लागतो.

खडूस_इंजिनिअर: बरं बाई, खतापुरता आणा अमोनिया. पण पोलादासाठी हायड्रोजन वाहू नका. ऊन-वारा आणि खनिज जिथे आहे तिथेच स्पंज आयर्न (ऑक्सिजन काढलेलं कच्चं लोखंड) करा, त्याच्या विटा पाडा आणि त्याच जहाजात भरा. लोखंड वाटेत उडून जात नाही.

वाळवंटी: म्हणजे आयात चालेल, फक्त मी सुचवलेली नको! आणि इथल्या भट्टीवाल्यांनी काय करायचं? माझा भाऊ भट्टीवर आहे. त्याला हे तुम्हीच समजावा, रात्रपाळीहून आला की नंबर देते.