शब्दचर्चा : 'टोपोलॉजी'ला संस्थिती, मांडणी की जोडणी?

लातूर

राम राम मंडळी. अकरावीच्या पोरांना संगणकाचं नेटवर्क शिकवायलेय. छापील नोट्समध्ये टोपोलॉजीला, म्हणजे नेटवर्कात कोण कोणाला कसं जोडलंय त्याला, एका पानावर 'संस्थिती' आहे, पुढच्या पानावर 'संरचना'. खाली प्रकार दिलेत : बस, तारा, वलय, जालक, वृक्ष. 'तारा संस्थिती' वाचून एका पोरानं विचारलं, "मॅडम, मग बाकीच्यांत तारा नसतात का?" त्याला वायरच वाटली. आणि अर्ध्या वर्गानं चाचणीत लिहिलं की टोपोलॉजीचे प्रकार तीन : लॅन, मॅन, वॅन. ते तर नेटवर्क केवढं पसरलंय त्याचे प्रकार. कोणते शब्द वापरू, सांगा.

बीड

पोराचं बरोबर आहे. आकाशातला तो तारा, अनेक ते तारे. वीजवाल्याची ती तार, अनेक त्या तारा. वायरीच्या धड्यात नेमका हाच शब्द घालणाऱ्याला दंडवत. सरळ 'चांदणी' म्हणा. वायफायसुद्धा चांदणीच असते, मधे राउटर आणि भोवती मोबाईल. तिथं 'तारा' म्हणाल तर पोरं शोधत बसतील.

परभणी

मॅडम, लॅन-मॅन-वॅनचा घोटाळा पोरांचा नाही, 'प्रकार' या शब्दाचा आहे. दोन वेगळ्या प्रश्नांना आपण एकच शब्द वापरतो. नेटवर्क केवढं आणि कोणाच्या मालकीचं, हा एक प्रश्न. त्यात कोण कोणाला जोडलंय, हा दुसरा. पहिल्याला 'पसारा' म्हणा, दुसऱ्याला 'जोडणी'. पसारा लॅनचा असेल आणि जोडणी चांदणीची, यात काही भांडण नाही.

पसाऱ्यातही नुसतं अंतर मोजू नका. तुमच्या लॅबची केबल तुम्ही विकत आणली, तुम्हीच ओढली, ती लॅन. बँकेची अहमदपूरची शाखा मुंबईच्या मुख्यालयाशी जोडायची तर मधली लाईन कोणा कंपनीकडून भाड्यानं घ्यावी लागते, ती वॅन. मॅनला 'महानगर क्षेत्र जाळे' छापतात. लातूर काय, परभणी काय, २०११ पासून कागदोपत्री महानगरच, पण मॅन म्हणजे एका शहराच्या आवाक्यातलं नेटवर्क, एवढंच. 'शहरी' पुरे. लॅनला मात्र हात लावू नका. 'स्थानिक क्षेत्र जाळे' म्हणून दुकानात काही मागितलं तर दुकानदार बघतच राहील. बाजारात लॅन म्हणजे केबलच झाली आहे : "लॅन लूज झाली", "दहा मीटर लॅन द्या". अर्थ घसरलाय खरा, पण तो आता परत चढणार नाही.

आता संस्थिती. गणितात तो शब्द रुळलाय, तिथं राहू द्या. 'टोपोलॉजी' हा शब्द लिस्टिंग या जर्मन गणितीनं १८४७ साली छापला, ग्रीकमधल्या 'टोपोस' म्हणजे जागा या शब्दावरून. गंमत अशी की नेटवर्कच्या टोपोलॉजीत जागेलाच किंमत नाही. संगणक खिडकीजवळून उचलून दाराशी ठेवा, केबल त्याच स्विचला, म्हणजे सगळ्या केबली जिथं येतात त्या मधल्या डब्याला असेल तर टोपोलॉजी तीच. म्हणून 'मांडणी'ही चालणार नाही. मांडणी टेबलांची, नाहीतर स्वयंपाकघरात भांडी लावायची.

लातूर

पसारा आणि जोडणी आवडलं. पण बस? पोरांना एसटीच आठवते.

परभणी

नातं आहेच. लॅटिनमध्ये 'ऑम्निबस' म्हणजे सर्वांसाठी. शेपूट तेवढं उरलं आणि गाडीची बस झाली. विजेच्या पॅनलमध्ये सगळ्यांना पुरवठा करणारी जाड पट्टी असते, तिला बसबार म्हणतात, तोही तिथूनच. म्हणजे अर्थ निघतो 'सामाईक'. सातबाऱ्यामुळं हा शब्द आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. 'सामाईक तार' म्हणा. इथं तार चालेल, कारण ती खरोखर एकच असते.

नांदेड

मी केबलिंगवाला, म्हणून मधे बोलतो. ही सामाईक तार मी हातानं जोडली आहे. एका कॉलेजच्या लॅबमध्ये काळी कोॲक्सियल केबल भिंतीकडेनं एका संगणकामागून दुसऱ्यामागं फिरवलेली असायची. प्रत्येक संगणकामागं पितळी रंगाचा टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा जोड, आणि केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचं टर्मिनेटर, बोटाच्या पेरापेक्षा लहान टोपण. एक तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर. झाडणाऱ्या मावशींचा झाडू मधल्या टीला लागला की सगळी लॅब बंद. नुसता एक संगणक बंद पडला असं नाही, सगळी. कारण तुटलेल्या टोकावरून सिग्नल उलटा फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. ते टोपण सिग्नल गिळायला असतं, धूळ अडवायला नाही. हे मला सांगून पटलं नव्हतं, टोपण काढून बघितल्यावर पटलं.

पण तुमच्या 'जोडणी'ला माझी हरकत आहे, भाऊ. १९९० नंतर जोड्या पिळलेल्या केबलीवर इथरनेट, म्हणजे लॅनमधे निरोप पाठवायची नेहमीची पद्धत, आलं, प्रत्येक संगणकापासून एक केबल, शंभर मीटरच्या आत, सरळ मधल्या हबला. डोळ्यांना दिसते चांदणी. पण हब काय करतो? एका पोर्टमध्ये, म्हणजे केबल खोचायच्या खाचेत, आलेलं बाकी सगळ्या पोर्टांतून ओकतो. म्हणजे आतून ती जुनी सामाईक तारच, फक्त डब्यात घातलेली. आयबीएमची टोकन रिंग तशीच : केबली मधल्या डब्याला चांदणीसारख्या, पण निरोप एकाकडून पुढच्याकडे गोल फिरायचा. हबच्या जागी स्विच आला, तो कोणत्या पोर्टवर कोण बसलंय हे लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच देतो. केबली त्याच, खिळे तेच, पण आतला कारभार वेगळा. दोन्हीला 'चांदणी जोडणी' म्हणून मोकळं कसं होणार?

परभणी

कबूल. मग दोन शब्द लागतील. केबलींची ती जोडणी. निरोप ज्या वाटेनं प्रत्यक्ष जातो ती 'वहिवाट'.

बीड

वहिवाट म्हटलं की तहसील कचेरी आणि बांधावरची भांडणं आठवतात.

परभणी

म्हणूनच म्हणायलोय. नकाशात रस्ता एकीकडं आणि लोक जायलेत दुसरीकडून, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. हबची जोडणी चांदणीची, वहिवाट सामाईक. टोकन रिंगची जोडणी चांदणीची, वहिवाट गोल. परीक्षेत लिहायचं तर कंसात 'भौतिक' आणि 'तार्किक' टाका, गुण कापले जाणार नाहीत.

पैठण

वृक्षाबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडं जायकवाडीचा मुख्य कालवा, त्यातून शाखा, शाखेतून वितरिका, मग शेतचारी. वर गेट बंद झालं की खालच्या सगळ्यांचं पाणी बंद, आणि टेलच्या शेतकऱ्यानं फोन करत बसायचं. फायबरची झाड जोडणी हीच. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये मधे स्प्लिटर असतो, एका धाग्यातून बत्तीस घरांपर्यंत फाटे. वरचा धागा तुटला की बत्तीसही घरं 'नेट गेलं' म्हणतात. 'वृक्ष' कशाला, झाड म्हणा.

नांदेड

आणि म्हणूनच रिंग अजून मेलेली नाही. तालुक्यापासून एकामागं एक गावं जोडली आणि रस्त्याच्या खोदकामात मधे केबल तुटली, तर पुढची सगळी गावं अंधारात. तीच केबल शेवटच्या गावावरून दुसऱ्या वाटेनं तालुक्याला परत आणली, तर निरोप उलट्या बाजूनं पोचतो. २०२३ साली मंजूर झालेल्या गावोगावी इंटरनेट पोचवायच्या सुधारित भारतनेट या सरकारी कार्यक्रमात ग्रामपंचायती रिंगनंच जोडायचं ठरलंय. शब्दाचं म्हणाल तर 'वलय' नको, ते संतांच्या फोटोमागं असतं. 'कडं' म्हणा. कडं बंद असतं, हाच त्यातला मुद्दा.

लातूर

शेवटचं राहिलं, मेश. 'जालक' पोरांना कळत नाही आणि 'जाळं' म्हटलं की नेटवर्कच होतं.

बीड

'जाळी'. खिडकीला असते ती.

परभणी

जाळी ठीक, पण खिडकीची तार फक्त शेजारच्या तारेला भेटते. पूर्ण मेशमध्ये प्रत्येकजण प्रत्येकाला थेट जोडलेला असतो. 'प्रत्येकाशी प्रत्येक' असं लांबलचक लिहा आणि पोरांना केबली मोजायला लावा. पाच संगणकांना दहा, दहा संगणकांना पंचेचाळीस, वीस संगणकांना एकशे नव्वद. सूत्र त्यांचं त्यांनाच सापडेल, आणि लॅबमध्ये अशी जोडणी का करत नाहीत हे विचारायला ते येणार नाहीत. मोठ्या कंपन्या आपल्या चार-सहा मुख्य राउटरांपुरतीच ती करतात, तीही बऱ्याचदा अर्धीमुर्धी. त्या अर्ध्यामुर्ध्या जोडणीला मात्र बीडकरांची 'जाळी' चपखल बसते.