एंडोथेलियल पेशी ऑस्टिओक्लास्टना फक्त वाट देतात?

रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या एंडोथेलियल पेशी ऑस्टिओक्लास्टच्या (हाड झिजवणाऱ्या पेशींच्या) पूर्वज पेशींना फक्त हाडापर्यंत पोचवतात, हे म्हणणं अपुरं आहे. टीएनएफ-अल्फा किंवा आयएल-१ हे दाह वाढवणारे संदेश-रेणू मिळाले की त्या स्वतः रँकएल (पूर्वज पेशींना ऑस्टिओक्लास्ट बनवणारं प्रथिन) बनवतात, आणि त्याला अडवणारं ओपीजी हे प्रथिनही. एकटं रँकएल मोजून उपयोग नाही, दोघांचं गुणोत्तर बघा.

प्रयोगात एंडोथेलियल आणि पूर्वज पेशी एकत्र वाढवताना दोघींमध्ये ०.४ मायक्रॉन छिद्रांचा पडदा लावलेला एक वेगळा संच ठेवाच. परिणाम स्पर्शाचा की स्रावाचा, ते त्यातूनच कळतं. खरी गोची मीडियमची, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रावणाची. एंडोथेलियल मीडियममध्ये बहुधा व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड असतं, आणि दोन्हींचा ऑस्टिओक्लास्टवर परिणाम होतो. म्हणून त्याच मीडियममध्ये नुसत्या मोनोसाइट्सचा (त्याच पूर्वज पेशींचा) तुलनेसाठी कंट्रोल हवाच. ट्रॅपचा (ऑस्टिओक्लास्ट ओळखायला वापरतात त्या विकराचा) रंग आला एवढ्यावर थांबू नका: ३ किंवा अधिक केंद्रकांच्याच पेशी मोजा, डेंटाइनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) चकतीवर पेशींनी झिजवून खड्डे पाडलेत का तेही तपासा.