गुरुवारची लाइट आली की पीसी चालू होत नाही, आणि कॅबिनेटला झिणझिण्या: एसएमपीएस बदलू की वायरिंग?

नारायणपेठी

नारायण पेठेतला जुना वाडा, तळमजला, भाड्याची खोली, शहाबादी फरशी. दोन तक्रारी आहेत, एकमेकींशी संबंध आहे की नाही ते कळत नाही.

१. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला किंवा यूएसबीच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. अनवाणी असताना जास्त, स्लीपर घातली की जवळजवळ नाही. टेस्टर लावला तर मंद पेटतो.

२. गुरुवारी मेन्टेनन्ससाठी लाइट जाते. चार-पाच तासांनी आली की पीसी चालू होत नाही. पंखा अर्धी फेरी मारून थांबतो. पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर कसाबसा चालू होतो, मग पुढचा गुरुवार येईपर्यंत काही त्रास नाही.

रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६५०, ८ जीबीच्या दोन रॅम. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, वर ४५० वॅट लिहिलंय, साडेचार वर्षं झाली. यूपीएस नाही.

एक्स्टेन्शन बोर्डवर पीसी लावलेला ठेवूनच मल्टिमीटरने मोजलं: फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११९, न्यूट्रल-अर्थ १०८.

वायरमनला दाखवलं. तो म्हणतो, "बोर्डात एक छोटा तुकडा टाकतो, करंट लागायचा बंद होईल." टाकू देऊ का?

तिसरी_पिन

तुकडा, म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणारी वायर, टाकू देऊ नका. कारण खाली लिहितो, आधी तुमचे आकडे बघू.

११९ आणि १०८ यांची बेरीज २२७. म्हणजे अर्थच्या पिनेवरचा व्होल्टेज फेज आणि न्यूट्रलच्या जवळपास मध्यावर लोंबकळतोय. अर्थ नसलेल्या पीसीची ही हमखास खूण. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक असे दोन छोटे वाय-कपॅसिटर असतात, साधारण २.२ ते ४.७ नॅनोफॅरॅडचे. पत्रा अर्थला जोडलेला असेल तर त्यातून येणारा किरकोळ करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर तो तुमच्या हातातून जातो. २.२ नॅनोफॅरॅडला हिशेब केला तर ०.१६ मिलिअँपिअर, ४.७ ला ०.३४. त्याच बोर्डावर मॉनिटर आणि प्रिंटर असतील तर त्यांचाही वाटा त्यात जमा होतो. साधारण अर्धा मिलिअँपिअर माणसाला जाणवतो, म्हणून झिणझिण्या. शहाबादी फरशी दमट असते, अनवाणी पायाला ती चांगली वाट देते. रबरी स्लीपर ती वाट बंद करते.

तेव्हा पहिली तक्रार पीसीच्या बिघाडाची नाही, एसएमपीएस नवा आणला तरी झिणझिण्या राहतीलच. टेस्टरच्या पेटण्यावर मात्र जाऊ नका. निऑनला इतका कमी करंट पुरतो की फिल्टरची गळती आणि खरोखर अंगाला लागलेली फेज यांतला फरक तो सांगूच शकत नाही.

तो फरक असा बघा. थ्री-पिन टॉप भिंतीतून काढा, एसएमपीएसचं मागचं बटण चालू ठेवा. मीटर ओहमवर घेऊन टॉपची जाड पिन आणि कॅबिनेटचा उघडा स्क्रू यांच्यात मोजा: एक ओहमच्या आत यायला हवं. मग फेजची पिन ते पत्रा आणि न्यूट्रलची पिन ते पत्रा: मेगाओहमच्या रेंजवरही आकडा चढत जाऊन शेवटी 'ओएल' (रेंजच्या बाहेर) व्हायला हवा. तिथे काही किलोओहम दिसले तर आत इन्सुलेशन गेलंय, मग तो एसएमपीएस पुन्हा लावू नका.

आणि एक्स्टेन्शन बोर्ड उलटा करून चार स्क्रू काढा. आत किती वायरी आहेत ते सांगा.

सोल्डरवाला

दुसऱ्या तक्रारीबद्दल. गुरुवारचं गणित सोपं आहे. पीसी बंद केला तरी एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग दिवसरात्र चालू असतो, त्यामुळे त्याचे कपॅसिटर कोमट राहतात. चार-पाच तास लाइट गेली की ते पूर्ण गार पडतात. वाळत आलेल्या कपॅसिटरचा आतला रोध गार असताना सगळ्यात जास्त असतो. पाच-सहा वेळा बटण दाबता म्हणजे तुम्ही त्यांना गरम करत असता, दुसरं काही नाही.

खात्री करायची तर पुढच्या गुरुवारी लाइट आल्या आल्या, बटण दाबायच्या आधी मोजा. मदरबोर्डच्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये ९ नंबरची पिन, जांभळी वायर. मीटर २० व्होल्ट डीसीवर, लाल प्रोब कनेक्टरच्या पाठीमागून जांभळ्या वायरीच्या कडेने आत, काळा प्रोब कुठल्याही काळ्या वायरीत. ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवं. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर न जाता पिना मोजा. प्रोबचं टोक शेजारच्या पिनेला टेकू देऊ नका.

पीसी चालू झाल्यावर गेम लावून पिवळी वायरही बघा: ११.४० ते १२.६०. पण साधा मीटर क्षणिक खड्डे पकडत नाही, म्हणून आकडा बरोबर आला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही.

एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलायचा मोह होईल. करू नका. २३० व्होल्ट एसी सरळ केले की ३२५ डीसी होतात, आणि पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या युनिटात मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात. प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

टेस्ट_लॅम्प

मीटरच्या अर्थ रीडिंगवर फार विसंबू नका. मीटरचा रोध १० मेगाओहम, हवेतल्या वायरीलाही आकडा दाखवतो. होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या, एक टोक फेजला, दुसरं अर्थला. फक्कन पेटला तर अर्थिंग चांगलं.

तिसरी_पिन

@टेस्ट_लॅम्प मीटरबद्दल मान्य, बल्बबद्दल नाही. भाड्याच्या खोलीत ही चाचणी कुणी स्वतः करू नये. अर्थची वायर वर कुठेतरी तुटलेली असेल तर बल्बमधून आलेली फेज त्या तुटक्या अर्थवरच्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर चढते: फ्रिज, गीझर, सगळं. शेजारचं कुणी त्याच वेळी फ्रिज उघडत असेल तर? शिवाय कुणी आधीच 'तुकडा' टाकलेला असेल तर बल्ब झकास पेटेल आणि अर्थ मात्र नसेलच.

नारायणपेठी

बोर्ड उघडला. दोनच वायरी, लाल आणि काळी. अर्थच्या पितळी पट्टीवरचे स्क्रू कोरे, एकावर हिरवट गंज. बाहेरची केबल दोन कोरची आहे.

ओहमची तपासणी: जाड पिन ते स्क्रू ०.३, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे ओएल.

मग भिंतीतल्या सॉकेटवर थेट मोजलं. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ ०.०. म्हणजे भिंतीत अर्थिंग उत्तम आहे ना? तीन कोरची चांगली एक्स्टेन्शन आणली की काम झालं?

तिसरी_पिन

थांबा. ०.० हा आकडा फार चांगला आहे, म्हणूनच संशय. खऱ्या अर्थिंगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगवेगळ्या वाटेने येतात, न्यूट्रलमध्ये करंट असतो, त्यामुळे त्यांच्यात अर्धा ते दोन-तीन व्होल्ट दिसतात. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर इस्त्री लावा, ती तापत असताना पुन्हा मोजा. आकडा थोडा चढला तर ठीक. तेव्हाही ०.० राहिला तर दोन्ही तिथेच बोर्डात जोडलेले आहेत.

नारायणपेठी

इस्त्री चालू असताना ०.०. मेन स्विच पाडला, टेस्टरने तिन्ही भोकं तपासली, मग सॉकेट बाहेर ओढलं. न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर काळ्या वायरीचा तुकडा. अर्थची हिरवी वायर नाहीच, पाइपमधून दोनच वायरी येतात. आधीच्या कुणीतरी केलेलं काम. मीटरजवळ चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आहेत, एक फेजला, एक न्यूट्रलला.

तिसरी_पिन

हेच ते. तीन कोरची एक्स्टेन्शन आणली असती तर झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या असत्या, कारण पत्रा न्यूट्रलला बांधला गेला असता. आणि मग एखाद्या दिवशी न्यूट्रलचा किटकॅट उडाला, किंवा त्याची तार सैल झाली, की फेज पंख्यातून, टीव्हीतून, जो काही लोड चालू असेल त्यातून फिरून न्यूट्रलवर येते. तिथून तुकड्यातून अर्थच्या पिनेवर, तिथून कॅबिनेटवर. तेव्हा तिथे अर्धा मिलिअँपिअर नसतो. पूर्ण २३० व्होल्ट असतात आणि मागे अँपिअरनी करंट. घरातले दिवे बंद म्हणून माणूस लाइट गेली समजतो आणि पीसीच्या मागे हात घालतो. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले सॉकेट असेल तर यासाठी फ्यूज उडायचीही गरज नाही.

कामाचा क्रम असा ठेवा:

तुकडा आजच काढा. तोवर पीसी बंद. बाकीच्या प्रत्येक सॉकेटमध्ये असाच तुकडा आहे का ते बघा, विशेषतः गीझर आणि फ्रिजचं. न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे सलग लिंक हवी, फ्यूज फक्त फेजला. शक्यतो दोन पोलचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) लावून दोन्ही एकदम तुटतील असं करा.

त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की वीज तोडणारा स्विच), दोन पोलचा, टाइप-ए. टाइप-एसी स्वस्त असतो, पण एसएमपीएससारख्या उपकरणाची गळती अर्धवट डीसी असू शकते आणि ती त्याला दिसेलच असं नाही. अर्थिंग नसलेल्या घरातही आरसीसीबी काम करतो. फरक एवढाच की अर्थ असेल तर दोष निर्माण होताच पडतो, नसेल तर कुणी हात लावल्यावर.

नंतर खरं अर्थिंग. वाड्याच्या चौकात खड्डा, आयएस ३०४३ (अर्थिंगचं भारतीय मानक) प्रमाणे जीआय पाइप किमान अडीच मीटर, भोवती कोळसा-मीठ. पुण्यात थोडं खणलं की मुरूम आणि खाली काळा दगड, त्यामुळे रोध कमी यायला कष्ट पडतात, उन्हाळ्यात तर खड्ड्यात पाणीच ओतावं लागतं. समजा २० ओहम आले. दोष झाला तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याला ढिम्म हलत नाही. आरसीसीबी मात्र तेव्हाही तत्काळ पडतो. म्हणून दोन्ही लागतात, नुसत्या खड्ड्यावर भागत नाही.

नळाच्या पाइपला अर्थ जोडायचं कुणी सुचवलं तर नको. मध्ये कुठेतरी पीव्हीसीचा तुकडा असतोच, आणि तुमचा दोष वरच्या मजल्यावरच्यांच्या नळाला येतो.

मेगर_घेऊन_या

वाड्यात आरसीसीबी लावताना एक गोष्ट हमखास नडते: दोन बिऱ्हाडांचं न्यूट्रल कुठेतरी एकत्र असतं. तुमच्या फेजचा करंट शेजारच्यांच्या न्यूट्रलने परत गेला की आरसीसीबी टिकतच नाही, आणि मग वायरमन म्हणतो पीस खराब आहे, काढून टाकू. पीस बरोबर असतो. आधी तुमच्या खोलीचं न्यूट्रल मीटरपासून वेगळं करून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासून घ्या, सगळी उपकरणं काढलेली असताना. एक मेगाओहमच्या वर हवं. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीत ते काही किलोओहमवर येतं, म्हणून ही तपासणी पाऊस सुरू असताना केलेली बरी.

मीटरच्या अलीकडचं सगळं तुमचं आणि मालकांचं, त्यासाठी परवानाधारक ठेकेदार लागेल. मीटरच्या पलीकडे न्यूट्रल सैल वाटलं (दिवे एकदम प्रखर, मग मंद) तर मेन पाडून महावितरणला १९१२ वर कळवा. असं न्यूट्रल गेलं की तीन फेजच्या इमारतीत एखाद्या घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतो.

सोल्डरवाला

एक राहिलं. अर्थिंग होईपर्यंत मॉनिटरची एचडीएमआय केबल चालू अवस्थेत काढू-घालू नका. कॅबिनेट ११० व्होल्टवर आणि मॉनिटर वेगळ्या व्होल्टेजवर असेल तर केबल घालताना बाहेरच्या कवचाआधी आतली पिन टेकू शकते आणि तो फरक सिग्नलच्या चिपमधून जातो. पोर्ट असेच मरतात. आधी दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा.

नारायणपेठी

तुकडे निघाले, एकूण तीन सॉकेटमध्ये होते. गीझरच्यातही. मालक आरसीसीबी आणि खड्ड्याला तयार झाले. पीसी बंदच आहे, फक्त गुरुवारचं रीडिंग घेण्यापुरता टॉप लावला. लाइट आल्या आल्या जांभळी वायर ४.३८, वीस मिनिटांनी ४.८१.

सोल्डरवाला

गेला तो. तुमचा लोड फार नाही: प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड ७५, बाकी ५०-६०, म्हणजे कसून चालवला तरी २०० च्या आसपास. ४५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (कार्यक्षमतेचा दर्जा), १२ व्होल्टच्या रेलवर किमान ३० अँपिअर छापलेले असतील असा घ्या. जुना काढताना: मागचं बटण बंद, टॉप बाहेर, मग कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. २४ पिनचा, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा आणि साटाचे कनेक्टर काढा. प्रोसेसरच्या कनेक्टरची प्लास्टिक कडा तपकिरी पडली आहे का ते पाहा. पडली असेल तर मदरबोर्डवरची पिनही सैल झालेली असते, नवीन कनेक्टर तिथेच तापेल. जुन्या मॉड्युलर (युनिटापासून सुट्या निघणाऱ्या) केबली नव्या युनिटला कधी लावायच्या नाहीत, युनिटाच्या बाजूच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या असतात.

तीन कोरची केबल आणि पितळी सॉकेटचा बोर्ड तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) मिळेल. विकत घ्यायच्या आधी मागचे स्क्रू काढून आत हिरवी वायर खरंच जोडली आहे का ते दुकानातच बघा.