लॉटी डॉडची पाच विम्बल्डन पूर्ण धरायची की अर्धी?

ड्यूसवाला
काल कोणीतरी ग्रुपवर टाकलं की जुन्या काळातल्या टेनिसपटू लॉटी डॉडचं उगाच कौतुक चालतं, तेव्हा खेळायला बायकाच कुठे होत्या, तिची पाच टायटलं कशाला मोजायची. डोकंच फिरलं माझं. १८८७ ला पंधरा वर्षांची पोरगी, समोर गतविजेती ब्लांश बिंगली, आणि निकाल ६-२, ६-०! सिंगल्समध्ये एवढ्या लहान वयात विम्बल्डन आजपर्यंत कुणालाच जमलेलं नाही. मग परत १८८८, ९१, ९२, ९३. जितक्यांदा तिथे उतरली तितक्यांदा जिंकूनच आली, हरणं माहीतच नाही.

नेटपाशी
मीच टाकलं होतं ते 😄 आणि अजूनही तेच म्हणतो. तेव्हा चॅलेंज राऊंड होता, म्हणजे बाकीच्यांनी आपापसात खेळून दमायचं आणि गतविजेतीने ताजंतवानं येऊन एकच मॅच खेळायची. १८८८, ९२, ९३ ही तिची तीन टायटलं अशी एकेका मॅचवरची आहेत. १८९० ला तर बायकांच्या एकूण एन्ट्र्या चार! आमच्या सोसायटीच्या कॅरमला जास्त नावं येतात.

ड्यूसवाला
१८९० ला ती खेळलीच नव्हती रे बाबा, ते कशाला तिच्या खात्यात टाकतोस? आणि चॅलेंज राऊंड काय तिने काढला का, १९२२ ला बंद होईपर्यंत सगळ्यांना तोच नियम होता. बरं ती एक मॅच कोणाशी ते बघ ना. तीच बिंगली, लग्नानंतरची मिसेस हिलयार्ड, जिने स्वतः सहा वेळा विम्बल्डन जिंकलंय, शेवटचं १९०० ला, ती डॉडसमोर पाचही वेळा हरली. १८९३ ला पहिला सेट ८-६ काढला होता तिने, पुढे ६-१, ६-४ डॉडचे.

नेटपाशी
म्हणजे प्रतिस्पर्धी एकच. हेच तर म्हणतोय मी!

पोटरीपट्टी
एकच कशी, मॉड वॉटसन विसरलात की. विम्बल्डनची पहिली महिला चॅम्पियन, सलग ५५ मॅच जिंकलेली, आणि तिची ती रांग १८८६ ला बाथला डॉडनेच तोडली, तेव्हा वय चौदा. पण कपड्यांचं कोणी बोलतच नाहीये इथे. डॉड शाळकरी म्हणून तिचा स्कर्ट पोटरीपर्यंत, बाकीच्या मोठ्या बायका घोट्यापर्यंतचा घोळ सांभाळत पळणार. धावून व्हॉली मारायची, म्हणजे टप्पा पडायच्या आत बॉल परतवायचा, आणि स्मॅश करायचा, त्यात हा फरक पडणारच ना. मी साडी नेसून बॅडमिंटन खेळलेय सोसायटीत, मला विचारा.

नेटपाशी
घ्या! म्हणजे कपड्यांचाही फायदा तिलाच. शिवाय तिची सर्व्हिस अंडरहॅन्ड, म्हणजे हात खालून फिरवून.

ड्यूसवाला
मग पुढच्या वर्षांत मोठी झाल्यावर कशी जिंकली? मला तर वेगळाच राग आहे, २१ व्या वर्षी विम्बल्डन सोडलं हिने. १८८९ ला तर स्कॉटलंडकडे बोटीतून फिरायला गेली आणि स्पर्धेला आलीच नाही. वडिलांचा कापसाचा धंदा, घरी पैशाची ददात नाही, मन भरलं की दुसरा खेळ. इंग्लंडकडून हॉकी खेळली, १९०४ ला ट्रूनला गोल्फची ब्रिटिश लेडीज स्पर्धा जिंकली, १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीत सिल्व्हर. टेनिसला अजून पाच वर्षं दिली असती तर आज हा वाद घालायला तुला तोंड नसतं.

नेटपाशी
हे मात्र कबूल. ऑलराऊंडर म्हणून नमस्कार, टेनिस चॅम्पियन म्हणून अर्धे मार्क.

पोटरीपट्टी
अर्ध्या मार्कांवरून आठवलं, १८८८ ला एक्समथला ती अर्नेस्ट रेनशॉशी खेळली होती, तो त्याच वर्षीचा पुरुषांचा विम्बल्डन विजेता. प्रत्येक गेम तिच्यासाठी ३०-० पासून सुरू, म्हणजे दोन पॉइंट आधीच खिशात. पहिला सेट तिने ६-२ घेतला, मग तो ७-५, ७-५ ने कसाबसा सुटला.

नेटपाशी
दर गेमला ३० आंदण मिळाले तर मीपण सेट काढेन.

ड्यूसवाला
रविवारी ये कोर्टवर, ३० देतो. स्कर्ट तुझा तू आण.