रविवारची साक्ष माहीत आहे, सोमवारची सांगा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभा राहिलेला माणूस काय सांगणार ते मला आता पहिल्या वाक्यात कळतं. दारू सुटली, आजार गेला, नोकरी लागली, प्रभूची स्तुती असो. खोटं असतं असं नाही, माझ्या वडिलांचीच दारू अशी सुटली. पण सोमवारी हाच माणूस कामावर जातो, शेजारच्या गणपतीचं बोलावणं येतं, पोरीला बघायला पाहुणे येतात. तिथं विश्वास कसा निभतो हे कुणी उभं राहून सांगत नाही. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही लिहा. चमत्कार पाळकांना सांगा, इथं अडलेलं सांगा.

आणि अडणं आजचं नाही. मराठीतले सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्याच बेळगावात जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले. मनानं ख्रिस्ताकडं कधीच वळले होते, तरी घरच्यांपायी थांबून राहिले. बाप्तिस्मा झाला १८५४ साली, तोही इथंच.

उद्यमबाग, फाउंड्री

मी मोल्डिंगला आहे, अठरा वर्षं झाली. एरवी माझ्या विश्वासाचं कुणाला काही पडलेलं नसतं, खंडेनवमीला पडतं. आदल्या दिवशी मशिनं पुसायची, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, आणि शेवटी दारात कोहळा फोडायचा. कोहळा सेक्शनमधल्या सिनियर माणसानं फोडायचा अशी आमच्याकडं रीत. चार वर्षांखाली सिनियर मी झालो.

मालकांना जाऊन सांगितलं, "साहेब, पुसायचं सगळं काम माझं, फोडायचं तेवढं दुसऱ्याला द्या." ते नुसतं "बरं" म्हणाले. त्या रात्री नऊपर्यंत एकटा मशिनांवरची वाळू आणि तेलाचे थर खरवडत बसलो. देवाच्या नावाखाली काम चुकवतोय असं कुणी म्हणू नये, एवढीच धास्ती.

पण कोहळ्यापेक्षा प्रसाद अवघड. चिरमुरे, खोबरं, पेढा. नको म्हटलं की देणाऱ्याचं तोंड उतरतं. पहिल्या वर्षी घेतला, खिशात घातला आणि येताना तिसऱ्या रेल्वे गेटजवळ कुत्र्याला घातला. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती.

आमचे पाळक म्हणतात खाऊ नका, विषय संपला. मी बायबलातलं पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र काढून बसलो, आठवा अध्याय आणि दहावा. पौल म्हणतो, कुणी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते चौकशी न करता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे गोष्ट पेढ्याची नाहीच, माणसाची आहे. आणि माझा माणूस अठरा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून घाम गाळतोय. एकदा डबा खाताना त्याला सगळं सांगून टाकलं, कुत्र्याचं सुद्धा. दोन दिवस बोलला नाही.

गेल्या खंडेनवमीला त्यानं सगळ्यांना प्रसाद वाटला आणि मला वगळलं. हेच मला पाहिजे होतं, तरी वाईट वाटलं. मग तो गेटबाहेर गेला आणि दहा रुपयांची चिरमुऱ्याची पुडी घेऊन आला. "हे दुकानातलं. पुजेत ठेवलेलं न्हवं. खा की आता, का ह्यालाबी अध्याय हाय?"

कॅम्प, निवृत्त

लंडन मिशन बेळगावात आलं १८२० साली. पुढं ते काम मेथडिस्टांकडं गेलं, त्या मंडळीत आमची चौथी पिढी. आता नव्या मंडळ्यांमधली पोरं मला रस्त्यात गाठून विचारतात, "अंकल, तुमचा नवा जन्म कधी झाला?" तारीख पाहिजे त्यांना. माझ्याजवळ तारीख नाही. आई पहाटे चुलीपुढं गीत म्हणायची, ते ऐकत जागा व्हायचो, एवढंच आहे. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू ज्याला नव्या जन्माचं सांगतो, त्या निकदेमाला तरी कुणी तारीख विचारली होती? एक मात्र कबूल करतो, ती पोरं शास्त्र वाचतात. आमच्याकडं ते कपाटात असतं.

खानापूर तालुका, भाजीचा धंदा

आमचा बाजार रविवारी. उपासना दहाला, तेव्हा गिऱ्हाईक ऐन भरात. मग आम्ही पाच बायका टेंपो यायच्या आधी साडेपाचला माझ्या पडवीत प्रार्थनेला बसतो. पाळक आधी नाराज होते. आता महिन्यातनं एकदा तेही येतात, डोळे चोळत.

दुसरं मापाचं. बायबलात नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात पहिल्याच ओळीला खोटा तराजू आहे. माझा काटा बरोबर आहे, पण पाणी मारलेली मिरची जड भरते हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं आणि मीही मारत होते. आता फडक्यावर पसरून मगच काट्यावर घालते. बाजाराला साठ-सत्तर रुपये जातात. त्यामुळं गिऱ्हाईक वाढलं असं लिहायला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही.

टिळकवाडी, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

रविवारी वर्शिपची रील टाकतो, सोमवारी मित्राची असाइनमेंट छापतो. दोन्ही ठिकाणी मीच. एवढंच लिहायचं होतं.

गाव नको, नाव नको

घरात प्रार्थना चालवतो, बारा-पंधरा माणसं. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी बिल डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत मंजूर झालं ते आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, आणि २०२२ मध्ये कायदा झाला. धर्म बदलायचा तर तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. जबरदस्ती किंवा आमिषाचा गुन्हा शाबीत झाला तर तीन ते पाच वर्षं, समोरची व्यक्ती स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दहापर्यंत. आम्ही कुणाला कसलं आमिष दाखवणार, चहासुद्धा वर्गणीचा. तरी त्या वर्षी आमची ढोलकी कपाटावर गेली ती अजून खाली आलेली नाही.

एका रविवारी सात-आठ पोरं दारात मोबाईल धरून उभी राहिली. शेजारची आजी, एकादशी न चुकवणारी, मधे येऊन म्हणाली, "मी रोज हितं बसून गाणी ऐकते. मला कोण बाटवलंय?" पोरं गेली. 'बाटवलंय' हा शब्द मला लागला, पण त्या दिवशी दाराला कडी तिच्याच शब्दानं लागली.

आपल्या लोकांनीही थोडं आरशात बघावं. 'या आणि बरे होऊन जा' असले बोर्ड लावणारे बाहेरचे नव्हते. मी आता न विचारता बोलत नाही. शेजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेलं आणि त्यानं विचारलं, "तू का थांबलास?" तर सांगतो.

वडगाव, गृहिणी

मी भांडते मराठीत, बाजार करते कन्नडात. माहेरी ना. वा. टिळकांची भजनं टाळावर, सासरी की-बोर्ड आणि कन्नड गाणी. गाणी पाठ झाली, 'देवरिगे स्तोत्र' सहज तोंडात येतं. पण पोराला एकशे चार ताप चढला त्या रात्री प्रार्थना मराठीतच निघाली. सासूबाई म्हणाल्या, देवाला दोन्ही कळतं, तू कर.

१ नोव्हेंबरची गंमत सांगते. एकीकडं कन्नड लोकांचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, आणि संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना. एका भावाच्या दंडाला अजून काळी फीत, दुसऱ्याच्या गळ्यात पिवळी-लाल पट्टी. मी दोन्ही मागून घेतल्या आणि एकाच खुंटीला टांगल्या. प्रार्थना झाली. चहाला दोघं एका कॉटवर बसले. बोलले नाहीत, पण बसले.

निपाणी

घरात मी एकटाच विश्वासी, आणि मीच थोरला. गेल्या वर्षी वडील गेले तेव्हा मडकं कुणी धरायचं यावर तिरडी तयार होऊन अर्धा तास खोळंबली. काका म्हणाले, "आज एक दिवस तरी मुलगा हो." मी खांदा शेवटपर्यंत सोडला नाही, स्मशानात लाकडंही रचली. मडकं धाकट्यानं धरलं. बरोबर केलं का, मला आजही सांगता येत नाही. आईबापाचा मान राख ही आज्ञाही त्याच शास्त्रात आहे. मंडळीत माझं कौतुक झालं. ते ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

काका अजून बोलत नाहीत. आईनं मात्र वडिलांचा चष्मा मला दिला, धाकट्याला नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. भाऊ म्हणतो, पिंडाला बसू नको, पण ये. जाणार आहे. वाढायला उभा राहीन, म्हणजे पंगतीत बसायचा प्रश्न येणार नाही. पण वाढप्यांची शेवटची पंगत असते आणि त्या पंगतीला आई स्वतः वाढते. तिथं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कुणी केलं असेल तर लिहा.