पूर्व आशियाई कलेची पदवी: चार वर्षांत नेमके काय हाती लागते?

शाईकागद
माझ्या भाचीने ओहायोमधील ओबर्लिन या लिबरल आर्ट्स महाविद्यालयात पूर्व आशिया अभ्यास हा मुख्य विषय घेतल्यापासून ‘जपानी चित्रे पाहायला एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून डोके वर काढतो. माझ्या मते पदवीला हा विषय शिकायला अशा छोट्या महाविद्यालयासारखी जागा नाही, आणि त्याचे कारण तिथले कलासंग्रहालय आहे. तिथल्याच १८८९ च्या पदवीधर मेरी एन्सवर्थ यांनी १९०६ साली जपानच्या प्रवासात लाकडी ठशांची चित्रे जमवायला सुरुवात केली, आणि १९५० मध्ये त्यांची पंधराशेहून अधिक चित्रे महाविद्यालयाकडे आली.

गेल्या वर्षी मला एका तासिकेला मागे बसू दिले. टेबलावर हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या एकाच चित्राच्या दोन प्रती होत्या. एकीत आभाळाची निळाई खाली येता येता विरत होती, दुसरीत ती पट्ट्यासारखी थबकली होती. ही छटा छापणारा कारागीर दर वेळी ठशावरचा रंग हाताने पुसत साधतो, त्यामुळे प्रत बदलली की आभाळही बदलते. मग कागद उलटून, छापताना मागून हाताने घासल्याचे पाठीवरचे गोल वळ दाखवले. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असा हा चौघांचा धंदा होता, हे त्या वळांवरून मुलांना जसे कळले तसे पुस्तकावरून कळले नसते.

कोथरूडकर
मी पुण्यात बरीच वर्षे जपानी शिकवतो, म्हणून स्पष्ट लिहितो. इंग्रजी भाषकाला कामापुरती जपानी येण्यासाठी वर्गातले २२०० तास लागतात, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणसंस्थेचा अंदाज आहे. आठवड्याला ५ तास आणि वर्षाला ३० आठवडे धरले, तर चार वर्षांत ६०० तास होतात. त्यातून जुन्या चित्रांवरचा मजकूर अशा मोडलेल्या वळणाचा असतो की आजच्या सुशिक्षित जपानी माणसालाही तो सहसा लागत नाही. चित्रावर काय लिहिले आहे ते न वाचता कागदाच्या पाठीवर निबंध लिहिणे याला मी रसग्रहण म्हणेन, अभ्यास नव्हे. आधी भाषा इथे शिकावी आणि पदव्युत्तर शिक्षणाला तिकडे जावे, पैसाही वाचेल.

शाईकागद
तासांचा हिशेब मान्य आहे. पण याच न्यायाने ब्राह्मी वाचता येईपर्यंत कोणाला अजिंठ्यात पाऊल टाकू देता येणार नाही. अराइ काम्पो हे जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढत होते, तेव्हा त्यांचा हात चालला तो रेषा समजत होती म्हणून. आणि अठराव्या वर्षी वस्तू समोर आली नाही, तर पुढचे सोळाशे तास कोण कशासाठी घालणार?

डोंबिवली_ते_क्लीव्हलंड
माझा आक्षेप वेगळा आहे. स्पुटनिक उडाल्यावर १९५८ च्या संरक्षण-शिक्षण कायद्याने अमेरिकेत अशा प्रादेशिक अभ्यासांना सरकारी पैसा मिळाला. चीन, जपान आणि कोरिया यांची एकत्र मोट घट्ट झाली ती बरीचशी या पैशामुळे, आणि त्या मोटेत कोरियाच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले येते. (माझ्या मुलाच्या अभ्यासक्रमात, दुसऱ्या एका महाविद्यालयात, कोरियाला एक आठवडा होता.)

तरीही मोट सोडवायला गेले की अडचण येते. क्योतोतील दाइतोकुजी मठाच्या आवारात ‘किझाएमोन इदो’ नावाचा चहाचा वाडगा आहे: खडबडीत, झिलई तडकलेला, रोजच्या वापरासाठी कोरियात घडलेला, असे मानतात. जपानच्या चहापंथाने तो डोक्यावर घेतला आणि आज तो जपानची राष्ट्रीय ठेव आहे. हा वाडगा कोणत्या देशाच्या विभागात शिकवायचा? त्यामुळे नावाला माझा विरोध असला, तरी तीन देश एकत्र शिकण्याला नाही.

कोथरूडकर
वाडग्यापुरती मी माघार घेतो. त्यावर मजकूर नाही हेही त्याच्या पथ्यावर पडते. शाईकागद, आपल्या भाचीला एवढेच विचारा, की त्या दोन प्रतींच्या कोपऱ्यातल्या लाल पट्टीत काय लिहिले होते.

शाईकागद
विचारले. पट्टीत चित्रमालेचे नाव होते आणि शेजारच्या चौकटीत जागेचे. जागेचे तिला लागले. मालेच्या नावातली दोन अक्षरे अडली. या सत्रात तिने जुन्या लिपीचा वर्ग घेतला आहे.