सिन्स-फॉर जमतं, काळ मात्र चुकतो : मदत हवी आहे

मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवते. 'आय ॲम लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' ही चूक काही केल्या जात नाही. 2019 ला सिन्स, पाच वर्षांना फॉर, एवढं मुलांना पक्कं झालंय. खरी अडचण क्रियापदाची. मराठीत 'पाच वर्षांपासून राहतोय' असा सरळ वर्तमानकाळ चालतो, म्हणून 'हॅव बीन लिव्हिंग' सुचतच नाही. फळ्यावर काळरेषा काढून झाली, गाळलेल्या जागा भरून घेतल्या. तिथे उत्तरं बरोबर येतात, निबंधात पुन्हा 'ॲम लिव्हिंग'. आणखी नियम नकोत, मुलं आधीच धास्तावलीत. वर्गात मोबाइल, प्रोजेक्टर नाही. स्वतःहून लिहिता-बोलताना हा काळ अंगवळणी पडावा म्हणून तुम्ही नेमका कोणता सराव घेता?